रोमुलाबाईस

(गाम्झिग्राद, पूर्व सर्बिया)

रोमुलाबाई, आज तुझ्या अंगणात
एकशे बारा खापरं धुतली मी,
दात घासायच्या ब्रशनं, दोन बादल्या पाण्यात.
एकावर कुणाचा तरी अंगठा उमटलाय, ओल्या मातीत दाबलेला.
माझा त्यात बरोब्बर बसला.
साहेबांना सांगितलं नाही, नुसतं मोजणीत टाकलं.

तुझा लेक म्हणे गुराखी होता.
इथंच, ह्या काळ्या नदीच्या काठी,
जिथं आता मिलुटिनच्या गाई
तुझ्या वेशीला पाठ घासतात.
मग तो गेला. जातातच.
फौजेत चढला, इराणच्या शहाला हरवलं,
अंगावर जांभळं वस्त्र आलं,
तेव्हा आठवली त्याला आई.

केवढं बांधलं गं!
आतली भिंत कमी पडली म्हणून बाहेरून दुसरी,
तिला वीस बुरूज, एकेक गावच्या चर्चपेक्षा जाड.
खांबांना परमुलखातला दगड,
जमिनीवर खड्याखड्यांचा बिबट्या, देवाच्या पायाशी,
आणि सगळ्याला नाव तुझं.
बाईच्या नावाचं एवढं मोठं घर
आमच्या पंचक्रोशीत पुन्हा झालं नाही.
राहिलीस किती दिवस त्यात?
ते मात्र कुठल्या पाटीवर नाही.

माझा ल्युबिंको व्हिएन्नात फरशा बसवतो.
ऑगस्टात येतो, पंधरा दिवस.
तीन मजले चढवलेत त्यानं माझ्यासाठी,
अकरा खोल्या, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह,
सोफ्यावरचं प्लास्टिक अजून तसंच.
मी झोपते मागच्या जुन्या स्वयंपाकघरात,
मिरच्यांच्या माळांखाली, मांजराला घेऊन.
वर जाते ती धूळ पुसायला
आणि खिडक्या उघडायला,
बघणाऱ्याला वाटावं, कुणी राहतंय.
"आई, वर राहतेस ना?" फोनवर विचारतो.
राहते की, म्हणते मी.
तूही तुझ्या निरोप्याला हेच सांगितलं असशील.

पाद्रीबुवा म्हणतात, त्या घराण्याचं नाव काढू नकोस.
आपली माणसं जाळली त्यानं, जनावरांपुढं टाकली.
शेवटी अंग सडलं, किडे पडले, तेव्हा हुकूम काढला:
ज्यांना छळलं, त्यांनी आता माझ्यासाठी प्रार्थना करा.
आणि त्याचे कान म्हणे तूच भरलेस.
असशीलही.
आयांवर ढकलायची रीत जुनीच आहे,
पण कधीकधी ते खरंही असतं.
मी रविवारी मेणबत्त्या लावते:
जिवंतांची वर, मेलेल्यांची खाली, वाळूत.
खालची एक कुणाची, ते बुवांनी विचारलेलं नाही.

एक कबुली देऊन टाकते.
आमच्या डुकरांच्या खोपटाला टेकू आहे
तो तुझ्या खांबाचा पाया.
आजोबांनी बैलगाडीतून आणला होता.
तेव्हा कुणाला माहीत, हे कुणाचं घर!
दगड होते, नेले.

गेल्या ऑगस्टात ल्युबिंकोला घेऊन आले इथं.
बुरुजांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
भुलभुलैयाच्या फरशीपाशी उकिडवा बसला,
दोरी ओलांडून, बोट फिरवलं सांध्यावरून.
"आई, इथं हात बदललाय बघ," म्हणाला.
"इथपर्यंत एक कारागीर, पुढं दुसरा. हा दुसरा घाईत होता.
घरी जायचं असेल."
रखवालदार ओरडला तेव्हा उठला.
गुडघा कटकन वाजला त्याचा.
चाळिशीतच.

वर मगुरा टेकडीवर दोन ढिगारे,
एक तुझा, एक त्याचा.
साहेब सांगतात, तिथं चितेवर देव केलं तुम्हाला.
मला ते जमणार नाही, चढ फार आहे.
मला आपलं गावातलंच दफन बरं,
नवऱ्याशेजारी जागा धरून ठेवलीय, दगडावर नाव कोरलंय,
फक्त दुसरी तारीख कोरायची राहिली.

चल, बादली पालथी घालते.
सहाची बस चुकली तर चालत जावं लागेल.
फाटकावरच्या डाव्या सिंहाला शेवाळ धरलंय,
मांजर त्याच्याच डोक्यावर बसून वाट बघत असेल.